लाखाचे दोन हेडफोन घरी कसे तपासायचे, तेही नागपुरात

हे ज्यांनी आजवर दोन-पाच हजारांचे इअरबड वापरले आणि आता पैसे साठवून (नाहीतर ईएमआयवर) एक दमदार हेडफोन घ्यायचा विचार करून राहिले त्यांच्यासाठी आहे. यूट्यूबवर एक जण म्हणतो हाच घ्या, दुसरा म्हणतो तो तर कानाला टोचतो, आणि आपण रात्री दोन वाजता एक कार्टमध्ये टाकून दुसरा काढून राहिलो. मला कोणी विचारलं "भाऊ, यातला कोणता घेऊ" तर मी सरळ सांगतो, आधी दोन्ही एका टेबलावर आण, मग बोलू. कारण दुसऱ्याचे कान आणि दुसऱ्याचं डोकं आपल्या कामाचं नाही, आणि दुसऱ्याची एसीची खोली तर बिलकुलच नाही.

उदाहरणासाठी मी सेनहायझर एचडी ८०० एस आणि ऑडिझी एलसीडी-एक्स घेतो. दोन्हीची किंमत लाखाच्या आगेमागे, सेलप्रमाणे खालीवर होते. ही जोडी घ्यायचं कारण म्हणजे दोघं अगदी उलट्या स्वभावाचे आहेत, त्यामुळे तुलना कशी करायची हे नवीन माणसाला पटकन कळतं. तुमचे दोन वेगळे असले तरी पद्धत हीच.

दोन्ही मिळवायचे कसे हा पहिला प्रश्न. आपल्याकडे दुकानात जाऊन दोन्ही शेजारी ठेवून ऐकायला मिळतील या भरवशावर राहू नका. ओळखीत कोणाकडे एक असेल तर आठवडाभर मागा, पुण्या-मुंबईला काही कामाने जाणं होणारच असेल तर तिथल्या दुकानात आधी फोन करून डेमो विचारा, ऑनलाइन घेत असाल तर रिटर्नच्या अटी ऑर्डरच्या आधी वाचा, नंतर नाही. उघडलेला खोका परत घेतात का, पैसे कापतात का, एवढं तरी विचारूनच घ्या.

पायरी १: कागदावर काय आहे ते समजून घ्या, पण पाचच मिनिटं

एचडी ८०० एस आला २०१६ मध्ये, २००९ च्या एचडी ८०० ची सुधारलेली आवृत्ती. आत ५६ मिलिमीटरचा रिंगसारखा डायनॅमिक ड्रायव्हर (कॉइलने हलणारा, आवाज काढणारा पडदा), तोही कानाच्या थोडा समोर, तिरका बसवलेला, म्हणून आवाज डोक्याच्या आत न वाजता जरा बाहेर वाजल्यासारखा वाटतो. इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम, वजन केबल सोडून ३३० ग्रॅम.

एलसीडी-एक्स प्लॅनर जातीचा. यात शंकूसारखा पडदा नसतो, चुंबकांच्या रांगेसमोर एक पातळ फिल्म ताणलेली असते आणि ती सगळीच्या सगळी हलते. ही फिल्म १०६ मिलिमीटरची. इम्पिडन्स फक्त २० ओहम, आणि वजन ६१२ ग्रॅम. चुंबक आणि धातू म्हटल्यावर वजन येणारच. याचं ट्यूनिंग (आवाजाची घडण) २०२१ मध्ये बदललं, म्हणून जुना रिव्ह्यू वाचताना तो कोणत्या सालचा आहे ते बघा, नाहीतर भलत्याच हेडफोनबद्दल वाचून राहाल.

दोन्ही ओपन-बॅक आहेत, म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची. आतला आवाज बाहेर, बाहेरचा आत. रात्री अकराला शेजारच्या पलंगावरून आईचा "काय वाजून राहिलं रे ते" असा आवाज आला तर तो दोष हेडफोनचा नाही, तो तसाच बनवलाय.

पायरी २: दोघांना एकाच ठिकाणाहून वाजवा

एकच लॅपटॉप, एकच डॅक-अँप (डिजिटल फाइलचा आवाज करून तो हेडफोनला ताकदीने देणारी डबी), एकच अ‍ॅप, एकच फाइल. ईक्यू (बेस-ट्रेबल कमीजास्त करायची सेटिंग) बंद, डॉल्बी बंद, फोनमधलं "साउंड एन्हान्समेंट" वगैरे सगळं बंद. लॉसलेस (दाबून बारीक करताना काही न गमावलेली फाइल) असलं तर उत्तम, नसलं तरी रडू नका, चांगल्या बिटरेटची स्ट्रीमिंग आणि लॉसलेस यांच्यातला फरक या दोन हेडफोनमधल्या फरकापुढे काहीच नाही.

अँप घेताना एक गोष्ट बघा, त्याचा आउटपुट इम्पिडन्स (अँपचा स्वतःचा आतला अडथळा) कमी पाहिजे. ढोबळ नियम असा की हेडफोनच्या ओहमचा आठवा भाग किंवा त्याहून कमी, म्हणजे एलसीडी-एक्ससाठी अडीच ओहमच्या आत. एचडी ८०० एसची गोष्ट वेगळी, त्याचा इम्पिडन्स १०० हर्ट्झच्या आसपास बराच चढतो, म्हणून जास्त आउटपुट इम्पिडन्सच्या ट्यूब अँपवर त्याचा बेस फुगतो. काहींना तेच आवडतं, आवडू दे, पण तुलना करताना तो अँप नको, नाहीतर आपण हेडफोन नाही तर अँप तपासून राहिलो असं होतं.

डोंगलवर (फोनच्या चार्जिंग पोर्टला लावायचा छोटा डॅक-अँप) चालेल का? टाइप-सीचा चांगला डोंगल साधारण १ व्होल्ट देतो, त्यावर दोन्ही वाजतील. फक्त जाड ६.३५ मिलिमीटरची पिन ३.५ च्या भोकात बसवायला डोंगलच्या तोंडाला ठोकळा कन्व्हर्टर लटकवू नका, पोर्ट जाईल. सीताबर्डीच्या बाजारात छोट्या वायरचा कन्व्हर्टर मिळतो तो आणा.

आणि हो, जुन्या घरांत अर्थिंगची बोंब असते. कानात बारीक घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला आवाज? मग हेडफोनला शिव्या देऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पायरी ३: आवाजाची पातळी जुळवा (ही पायरी सोडली तर बाकीचं वाचूच नका)

जवळपास सगळे इथेच फसतात. कान असा आहे की जो हेडफोन जरासा मोठा वाजतो तोच "क्लिअर", तोच "बेसवाला", तोच "महाग" वाटतो. हे काही माझं मत नाही, कमी आवाजात आपल्याला बेस कमी ऐकू येतो हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. म्हणजे आवाज वाढवला की बेस आपोआप भरल्यासारखा वाटणार, हेडफोन काही न करता.

आता या दोघांचा हिशोब बघा. एचडी ८०० एसला १ व्होल्ट दिला तर कंपनीच्या आकड्याप्रमाणे १०२ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप). एलसीडी-एक्स १ मिलीवॉटला १०३ डीबी देतो, आणि २० ओहमवर १ मिलीवॉट म्हणजे फक्त ०.१४ व्होल्ट. म्हणजे १ व्होल्टवर तो १२० च्या घरात गेला. नॉब जिथे आहे तिथेच ठेवून नुसती पिन बदलली तर एलसीडी-एक्स सुमारे १८ डीबी मोठा वाजणार! १० डीबी वाढले की कानाला ढोबळमानाने दुप्पट वाटतं, यावरून समजा. त्यातही एचडी ८०० एस काढून नॉब खाली न करता एलसीडी-एक्स लावला तर कानाचं भलं होणार नाही, म्हणून पिन बदलायच्या आधी आवाज शून्यावर, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

जुळवायचं कसं? जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, मधोमध फोनच्या माइकएवढं भोक, खालून फोन असा धरा की माइक भोकावर येईल, वरून हेडफोनचा एक कप सपाट बसवा, फटी नकोत. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या मिसळलेला एकसारखा खळखळाट) लावा, यूट्यूबवर ढीगभर आहे. फोनमध्ये साउंड मीटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप. ते दाखवेल तो आकडा खरा डीबी नाही, त्याच्यावर जाऊ नका, आपल्याला फक्त दोन्ही हेडफोनला तोच आकडा आणायचा आहे. दोन्हीच्या व्हॉल्यूमची जागा कागदावर लिहून ठेवा.

मग कानाने पक्कं करा. एकट्या माणसाचा बोलण्याचा आवाज लावा, बातम्या किंवा कीर्तन काहीही, आणि आलटून पालटून ऐका. बोलणारा माणूस एकदा जवळ, एकदा दूर वाटत असेल तर एक-दोन घर इकडेतिकडे करा. दोन हेडफोनचा सूर वेगळा असल्यामुळे शंभर टक्के जुळत नाही आणि जुळवायचा हट्टही नको, मधल्या पट्टीचा मानवी आवाज सारखा झाला की पुरे. मल्टीमीटरवाले मित्र इथे व्होल्ट मोजायला सांगतात, ते दोन अँप तपासताना बरोबर आहे, दोन वेगळे हेडफोन तपासताना नाही. व्होल्ट सारखे ठेवले तर काय होतं ते वर पाहिलंच.

पायरी ४: आवाजाची परीक्षा पहाटे, कूलर बंद करून

नागपुरात मार्च संपता संपता खिडकीत कूलर चढतो तो पावसाळ्यापर्यंत उतरत नाही, आणि ओपन-बॅक हेडफोनला कूलर म्हणजे तिसरा स्पीकरच. त्याची घरघर बहुतेक खालच्या पट्टीची असते, आणि खालच्या पट्टीचा गोंगाट बेस तर खातोच, वरचे बारीक आवाजही झाकतो. आधीच ज्याचा बेस हलका तो एचडी ८०० एस कूलरसमोर अजूनच पातळ वाटतो, आणि आपण म्हणतो याच्यात दम नाही. दम आहे, कूलरने नेला.

म्हणून आवाज ऐकायचा तो पहाटे किंवा रात्री उशिरा, कूलर आणि पंखा बंद. मे महिन्यात हे म्हणजे शिक्षा आहे, मान्य. जमत असेल तर ही सगळी भानगड डिसेंबर-जानेवारीत करा. लग्नसराई आणि वराती टाळा. मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा) महाल-इतवारीकडे राहणाऱ्यांनी तर बाप्पा हेडफोन बाहेरच काढू नये, मिरवणूक बघायला जावं.

काय ऐकायचं? जे तुम्हाला पाठ आहे ते. रिव्ह्यूवाले जी इंग्रजी जॅझची ट्रॅक लावतात ती तुम्ही आयुष्यात ऐकली नसेल तर तिच्यावरून काय कळणार. मी या चार गोष्टी धरतो.

तानपुरा. नुसता तानपुरा पाच मिनिटं लावा. जवारीमुळे (तारेच्या झणझणीमुळे) त्यात एवढे वरचे स्वर उमटतात की हेडफोनचा सगळा ट्रेबल उघडा पडतो. एचडी ८०० एसवर प्रत्येक तार कुठून सुटली ते वेगवेगळं कळतं, तारांमध्ये जागा असल्यासारखी. एलसीडी-एक्सवर तेवढं मोकळं वाटत नाही, पण खर्जाच्या तारेला अंग असतं, भोपळा आहे हे कळतं.

तबला, खरं म्हणजे डग्गा. मनगट दाबून "घे" ओढला की स्वर सरकतो, तो सरकताना शेवटपर्यंत ऐकू येतो की मध्येच विरतो ते बघा. इथे एलसीडी-एक्स सरळ पुढे, प्लॅनरचा बेस खोलवर सपाट जातो. एचडी ८०० एसवर थाप कळते, स्वच्छ कळते, पण पोटात जाणवत नाही. लावणीची ढोलकी किंवा आजकालची डीजेची गाणी ऐकणाऱ्याने इथेच निम्मा निर्णय घ्यावा.

बाईचा वरच्या सप्तकातला आवाज, आणि त्यातले स, श. जुन्या एचडी ८०० ला ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक टोक होतं, तिथेच स-श राहतात, म्हणून ते टोचायचे. एसमध्ये आत शोषक बसवून ते टोक खाली आणलं, तरी उजळपणा शिल्लक आहे. जुन्या रेकॉर्डवरून घेतलेलं नाट्यसंगीत लावा, खरखर आणि हिस्स किती पुढे येतो बघा, एचडी ८०० एस काहीही लपवत नाही, वाईट रेकॉर्डिंगही नाही. एलसीडी-एक्स अशा गाण्यांना माफ करतो, पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची चमक त्यावर थोडी मागे राहते.

चौथं, टाळ्यांसकट लाइव्ह मैफल. टाळ्या कुठून येतात, साथीला कोण डावीकडे, कोण उजवीकडे. इथे एचडी ८०० एसला तोड नाही. कधी वसंतराव देशपांडे सभागृहात शास्त्रीय कार्यक्रम असला तर जाऊन पुढच्या रांगेत बसून या, खरा तंबोरा केवढा वाजतो हे कानात असलं की दोन्ही हेडफोन कुठे खोटं बोलतात ते आपोआप कळतं.

प्रत्येक तुकडा दोन प्रकारे ऐका. आधी तीस-चाळीस सेकंदांचा भाग पटापट बदलून, कारण सुराची बारीक आठवण कान फार वेळ धरत नाही. मग एका हेडफोनवर अर्धा तास सलग. आणि क्रम उलटा करायला विसरू नका, उजळ हेडफोननंतर कोणताही दुसरा लावला तर तो मंद वाटतो, मंद नंतर उजळ लावला तर तो टोचतो. आज याने सुरुवात केली तर उद्या त्याने.

वहीत लिहा, पण "साउंडस्टेज वाइड, मिड्स लश" असलं काही नको. "तिसऱ्या मिनिटाला सारंगी ऐकू आली, दुसऱ्यावर शोधावी लागली" असं लिहा. हे नंतर वाचून कळतं.

पायरी ५: आरामाची परीक्षा दुपारी, कूलर चालू ठेवून

आवाजाची परीक्षा आदर्श परिस्थितीत, पण आरामाची तुमच्या रोजच्या परिस्थितीत. दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की गडबड होते, घाम आलेला माणूस आवाजालाही नावं ठेवतो.

पहिल्या दहा मिनिटांत सगळेच हेडफोन आरामदायक असतात. खरी गंमत पाऊण तासानंतर. ६१२ हा आकडा नुसता वाचून कळत नाही, साखरेची अर्ध्या किलोची पुडी वर शंभर ग्रॅम टाकून डोक्यावर धरून बसा म्हणजे कळेल. एलसीडी-एक्स बसतो छान, गाद्या जाड आहेत, पण टाळूवर आणि मानेवर हळूहळू जाणवतो, त्यातही खाली मान घालून फोन बघायची सवय असेल तर जास्तच. खुर्चीत मागे टेकून, मान टेकवून ऐकणाऱ्याला तेवढा त्रास नाही. म्हणून तपासताना तुम्ही जसे बसता तसेच बसा, ताठ बसून परीक्षा देऊ नका.

एचडी ८०० एसचे कप इतके मोठे की बहुतेकांचा कान आत कुठेच टेकत नाही, गाद्या कापडासारख्या मऊ, पकड हलकी. दोन तासांनंतर आपण काही घातलंय हे विसरून माणूस पाणी प्यायला उठतो आणि केबल ओढली जाते. आरामात हा जिंकतो, यात मला तरी वाद घालण्यासारखं काही वाटत नाही.

गादीचं कापड की लेदर हा मुद्दा आपल्याकडे दुप्पट महत्त्वाचा. नवतपात बाहेर ४५ च्या पुढे पारा असताना लेदरची गादी कानाभोवती अर्ध्या तासात ओली होते. लेदरला पुसता तरी येतं, कापडाची गादी घाम पिते आणि नंतर वास मारते. दोन्हीला कूलरची दमट हवा वाईटच, वापरून झाला की कोरड्या फडक्याने पुसायचा, जरा वाळू द्यायचा आणि मग खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

चष्मा असेल तर चष्मा घालूनच तपासा. काडीमुळे गादी आणि डोक्यात फट राहिली की बेस गळतो, काडी काढून तोच डग्गा परत ऐका, फरक कळला तर समजून जा. कानात मोठे कुडे, मागे अंबाडा किंवा जाड वेणी असेल तर तेही जसं रोज असतं तसंच, हेडफोनसाठी खास तयार होऊन बसू नका. जबडा हलवून बघा, काहीतरी खाऊन बघा (चिवडा नको, चिवड्याचा कुरकुर आवाज स्वतःच्याच कानात घुमतो).

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. तुमचं ऐकणं ऐंशी टक्के दुपारचं आणि कूलरसमोरचं असेल तर हे दोन्ही घेऊ नका. कूलरवर मात करायला आवाज चढवत जाल, आणि त्याला हद्द आहे, जागतिक आरोग्य संघटना ८० डीबीला आठवड्याचे ४० तास म्हणते आणि ९० डीबीला फक्त ४ तास. अशा माणसाने चांगला क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपाचा) बघावा, निम्म्या पैशात काम होईल.

पायरी ६: मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या

ठरवायची घाई नको. एक हेडफोन दोन दिवस एकटाच वापरा, मग दुसरा. ज्या दिवशी थकून आलात आणि नुसतं पडून ऐकायचं होतं त्या दिवशी हात कोणाकडे गेला ते बघा, वहीतल्या मार्कांपेक्षा ते खरं.

या काळात लोक सल्ले देतीलच. शंभर तास बर्न-इन केल्याशिवाय (म्हणजे नुसता वाजत ठेवल्याशिवाय) आवाज खुलत नाही, चांदीची केबल लावल्याशिवाय ट्रेबल येत नाही. गाद्या वापरून मऊ होतात आणि आपल्या कानांना सवय होते एवढं खरं, बाकी सगळं घेऊन जा गे मारबत.

माझा कौल विचाराल तर: शास्त्रीय, नाट्यगीतं, मैफली, सलग दोन-तीन तास, तर एचडी ८०० एस. सिनेसंगीत, ढोलकी-ताशा, इलेक्ट्रॉनिक, तासाभराची बैठक, आणि मान मजबूत, तर एलसीडी-एक्स. आणि अगदीच बरोबरी झाली तर आराम ज्याचा बरा तो घ्या, कारण आवाज ईक्यूने थोडाफार वळवता येतो, वजन कोणत्याही अ‍ॅपने उतरत नाही.

पायरी ७: घेताना

सेकंड हँड घेत असाल तर समोर बसून २० हर्ट्झपासून वर जाणारा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच सूर) दोन्ही कानांत ऐका, कुठे खरखर किंवा खडखड आली तर सोडा. मग मोनो आवाज (दोन्ही कानांत तोच) लावा, तो बरोबर मधोमध आला पाहिजे, एका बाजूला झुकला तर ड्रायव्हरमध्ये किंवा केबलमध्ये घोळ, केबल डावी-उजवी बदलून बघा म्हणजे कोणात ते कळेल. एलसीडी-एक्स असेल तर २०२१ च्या आधीचा की नंतरचा हे विचारूनच भाव करा. गाद्या दबलेल्या असतील तर नव्या गाद्यांचे पैसे वजा करा, त्या स्वस्त नसतात, आणि गादी बदलली की आवाजही थोडा बदलतो.

नवा घेतला तर पहिल्याच दिवशी स्वीप आणि मोनोची ही तपासणी उरकून टाका, रिटर्नची मुदत चालू असेपर्यंत खोका, थर्मोकोल, बिल काही फेकू नका. नंतर खोका माळ्यावर टाका, पण रिकामाच. उन्हाळ्यात माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत हेडफोन ठेवला तर गाद्यांचा गोंद सुटतो.